चित्र वाळेपर्यंत फोन बाहेर: कलाकाराने सोशल मीडियाला मर्यादा कशा घालाव्यात

जलरंगात आकाश रंगवताना एक वेळ अशी येते की हात आणि डोळा दोन्ही कागदावरच हवेत. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिलेला असतो, कागदावर पाण्याची चकाकी असते आणि ती हळूहळू मंदावत जाते. ती पूर्ण मावळायच्या आत ढगांचा गडद रंग सोडला तर तो मऊ पसरतो. उशीर झाला तर नव्या रंगातलं पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला पुढे ढकलत नेतं आणि दातेरी कडांचा डाग उमटतो. हा सगळा काही मिनिटांचा मामला. काही वर्षांपूर्वी नेमक्या त्याच मिनिटांत बाजूच्या टेबलावर फोन थरथरला. आदल्या रात्री टाकलेल्या चित्राखाली कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं. मी ते वाचलं, उत्तर दिलं, मग खालचं वाचलं, मग त्याच्या खालचं. मान वर केली तेव्हा कागद वाळला होता.

तो कागद मी जपून ठेवला आहे. आकाश गेलं याचं फार वाटलं नाही, जलरंगात कित्येक आकाशं तशीही जातात. मला हादरवलं ते नंतरच्या क्षणानं. फोन खाली ठेवून चित्राकडे पाहिलं तेव्हा मनात पहिला प्रश्न आला, ‘हे लोकांना आवडेल का?’ पूर्वी हा प्रश्न यायचा तो चित्र पूर्ण झाल्यावर, तेही कधीकधी. आता तो कागद ओला असतानाच येऊन बसला होता.

या लेखात लिहिलेली पद्धत त्या दिवसापासून थोडी थोडी बसत गेली. मी चित्रकार आहे म्हणून उदाहरणं चित्रांची येतील. पण गाणारे, लिहिणारे, मातीकाम करणारे, फोटो काढणारे मित्रमैत्रिणी हीच पद्धत आपापल्या कामाला लावून वापरतात. अकाउंट बंद करा असं मी सांगणार नाही. आपल्यापैकी अनेकांचं काम तिथून येतं, ओळखी तिथे होतात. प्रश्न आहे तो, करणं आणि दाखवणं यांच्यामध्ये जागा कशी ठेवायची याचा.

आधी हे समजून घ्या

‘माझ्यातच निग्रह नाही’ असं म्हणून स्वतःला दोष देणारे खूप कलाकार मला भेटतात. तो दोष आधी डोक्यातून काढून टाका. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट स्पष्ट दिसली होती: ठरलेल्या वेळी मिळणाऱ्या दाण्यापेक्षा कधी मिळेल ते सांगता न येणाऱ्या दाण्यासाठी कबुतर कितीतरी चिकाटीने चोच मारत राहतं. आपण फीड खाली ओढून ‘रिफ्रेश’ करतो तेव्हा काय दिसेल हे आपल्यालाही माहीत नसतं. 2006 मध्ये एझा रास्किन या डिझायनरने कधीच न संपणाऱ्या पानाची कल्पना आणली, 2009 मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं, 2016 पासून इन्स्टाग्रामने पोस्ट काळाच्या क्रमाने दाखवणं सोडून अल्गोरिदमने निवडायला सुरुवात केली. रास्किन यांनी पुढे आपल्या त्या शोधाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. तेव्हा तुमची लढत तुमच्या आळसाशी नाही. थांबण्याची जागाच राहू नये अशा रीतीने ही यंत्रणा रचलेली आहे.

कलाकारांच्या दृष्टीने मात्र मला याहून महत्त्वाचा वाटतो तो 1973 सालचा एक प्रयोग. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडत होतं. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काही न सांगता, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्रक अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले, या वेळी कसलंही बक्षीस नव्हतं. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांपाशी रमली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. कौतुकाने आवड मरत नाही. कौतुक आधीपासून डोळ्यांसमोर टांगलेलं असलं की मरते. म्हणजे चित्र काढताना ते पोस्ट होणार की नाही हे मला माहीतच नसेल, तर नंतर कितीही लोकांनी वाहवा केली तरी हरकत नाही. पुढच्या बहुतेक पायऱ्या या एकाच गोष्टीतून निघालेल्या आहेत.

पायरी 1: एक आठवडा फक्त नोंद करा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. फोनमध्ये किती मिनिटं गेली याचा हिशेब फोन स्वतःच ठेवतो. 2018 पासून आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आहे, तिथे आकडे मिळतील. पण मिनिटांचा आकडा बघून आपण ओशाळतो आणि पुढे काही होत नाही. म्हणून कामाच्या टेबलावर एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक वेळी ॲप उघडल्यावर दोनच गोष्टी लिहा: उघडण्याच्या आधीच्या क्षणी हातात काय होतं, आणि बंद केल्यावर पुन्हा कामात मन लागायला किती वेळ गेला. अंदाजाने लिहिलं तरी चालेल.

माझ्या वहीत त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा एकच ओळ आली: ‘पुढे काय करावं ते सुचत नव्हतं.’ कंटाळा आल्यावर फोन उघडते असा माझा समज होता, तो खोटा निघाला. झाडाच्या सावलीत निळा घालावा की तपकिरी, डावी बाजू रिकामी ठेवावी की भरावी, अशा अडलेल्या जागी माझा हात फोनकडे जात होता. आणि चित्रकलेत खरं काम नेमकं त्या अडलेल्या जागीच होतं. न सुचण्याचा तो अस्वस्थ काळ सोसला की मग काहीतरी सुचतं. फोन मला त्या काळातून उचलून बाहेर नेत होता, आणि परत आले की सोपा, सवयीचा निर्णय घेऊन मी मोकळी होत होते.

तुमच्या वहीत कदाचित वेगळं दिसेल. कुणाला काम सुरू करण्याआधी भीती वाटते म्हणून फोन लागतो, कुणाला संपल्यावर पोकळी वाटते म्हणून. जे दिसेल त्यावरून पुढची कुंपणं घाला.

अडलेल्या क्षणासाठी पर्याय हाताशी ठेवा, कारण रिकामा हात फोन शोधतोच. माझे पर्याय असे आहेत: ब्रश धुणं आणि पाणी बदलणं, चित्र उलटं करून बघणं, आरशात बघणं, आणि वेगळ्या कागदावर काडेपेटीएवढे चार-पाच छोटे आराखडे काढणं. आरशात पाहिलं की रचनेतला झोल पटकन कळतो, कारण सवयीची नजर काही क्षण तुटते.

पायरी 2: एका ॲपमधली चार कामं वेगळी करा

‘मी सोशल मीडियावर आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात चार वेगवेगळी कामं मिसळलेली असतात: आपलं काम दाखवणं, इतरांचं पाहणं, लोकांशी बोलणं, आणि विक्री किंवा कामाची चौकशी सांभाळणं. एका उत्तरासाठी ॲप उघडलं आणि अर्ध्या तासाने दुसऱ्याच कुणाच्या चित्रापाशी पोचलो, असं होतं ते या सरमिसळीमुळे.

प्रत्येक कामाला स्वतंत्र वेळ द्या आणि शक्य असेल तर स्वतंत्र साधन द्या. दाखवण्याचं काम महिन्यातून एक-दोन बैठकींत उरकतं, त्याबद्दल पुढे लिहिते. बोलणं आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, कॉम्प्युटरवर बसून. चौकशी ईमेलवर वळवायची. पाहण्याचं काम मात्र मला सर्वांत फसवं वाटतं, कारण ते अभ्यासासारखं दिसतं. दोनशे चित्रं बोटाने सरकवल्यावर त्यातलं एकही नीट पाहिलेलं नसतं. मी आता महिन्याला पाच कलाकार निवडते, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाते, आणि एका चित्रासमोर वही घेऊन किमान वीस मिनिटं बसते. उजेड कुठून येतो, सर्वांत गडद जागा कोणती, कडा कुठे हरवल्या आहेत, एवढं लिहून काढते. याने डोळा तयार होतो. आणि मनातली ती जळजळ, ‘यांचं किती पुढे गेलं आणि आपण इथेच’, तीही कमी होते. चित्राचा नीट अभ्यास करायला बसलं की तुलनेला सवड राहत नाही.

पायरी 3: फोनला कामाच्या खोलीबाहेर जागा द्या

उलटा ठेवलेला फोन, म्यूट केलेला फोन, खणातला फोन, हे सगळं मी करून पाहिलं. खोलीबाहेर ठेवलेल्या फोनइतकं कशाचंच काम झालं नाही. पण ‘फोन बाहेर ठेवा’ एवढं सांगून भागत नाही, कारण तो आत येतो तो रास्त कारणांनी: संदर्भासाठीचा फोटो, गाणी, घड्याळ, कामाचा फोटो काढायला कॅमेरा. म्हणून आधी प्रत्येक कारणाची सोय लावा. संदर्भाचे फोटो आदल्या दिवशी प्रिंट करून भिंतीवर लावा, किंवा ज्यात सोशल मीडियाचं एकही ॲप नाही अशा जुन्या टॅबलेटवर घ्या. वेळेसाठी साधं टेबल घड्याळ. संगीतासाठी स्वतंत्र स्पीकर, यादी आधीच लावून ठेवलेली. ही तयारी नसेल तर चौथ्या दिवशी फोन खोलीत परत येतो.

घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर फोन लांब ठेवणं शक्य नसतं. तेव्हा मोजक्या माणसांचे फोन वाजू द्या आणि बाकी सगळं ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये टाका.

पायरी 4: सेटिंग्ज, एकदाच बसून

हे अर्ध्या तासाचं काम आहे, लांबवू नका. सोशल मीडियाची सगळी नोटिफिकेशन बंद करा. इन्स्टाग्रामवर 2021 पासून लाइकचे आकडे लपवता येतात, आपल्या पोस्टवरचे आणि इतरांच्याही, दोन्ही लपवा. फीडमध्ये फक्त आपण फॉलो केलेल्यांच्या पोस्ट काळाच्या क्रमाने बघण्याचा पर्याय 2022 मध्ये परत आला आहे, तो वापरा. 2023 मध्ये आलेला, ठरलेल्या वेळेत ॲपला गप्प ठेवणारा ‘क्वाएट मोड’ कामाच्या तासांना लावा. नको ते शब्द असलेले मेसेज आणि प्रतिक्रिया आपोआप बाजूला टाकणारी ‘हिडन वर्ड्‌स’ची सोय आहे, तिच्यात आपले शब्द भरून ठेवा. शेवटी, फोनवरून ॲपच काढून टाका आणि ब्राउझरमधून लॉग इन करा. थोडं अडचणीचं वाटेल. तेवढी अडचण हवीच आहे.

पायरी 5: चित्र आणि पोस्ट यांच्यामध्ये मोकळा काळ

आता मुख्य गोष्ट. वरचं काहीच जमलं नाही तरी एवढं नक्की करा.

काही काळापूर्वी मी एका मोठ्या चित्राचा अर्धवट अवस्थेतला फोटो टाकला. उजवीकडे जुनी भिंत आणि तिच्यावरचं ऊन पूर्ण झालं होतं, डावी बाजू कोरी होती. माझ्या मनात तिथे एक दार होतं, अर्धं उघडं, आत काळोख. पोस्टखाली लोकांनी भरभरून लिहिलं: ‘असंच राहू द्या’, ‘रिकामी जागा किती बोलते’. प्रेमाने लिहिलं होतं, एकाचाही हेतू वाईट नव्हता. मी दार काढलंच नाही. चार महिन्यांनी ते चित्र पुन्हा समोर आलं तेव्हा स्वच्छ दिसलं की त्याला दार हवं होतं. उन्हाला तोलून धरणारा काळोखच त्यात नव्हता. आता ते दार काढता येणार नाही. तो हात, तो कागदाचा ओलावा, ती मनःस्थिती, काहीच परत येत नाही.

त्यानंतर मी हा नियम केला. चित्रातला सर्वांत मोठा निर्णय झाल्याशिवाय त्याचा फोटो कुणालाही पाठवायचा नाही. चित्र संपलं की ते तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. तीन आठवड्यांनी वळवून पाहायचं आणि वहीत त्या चित्राबद्दल तीन ओळी लिहायच्या: काय जमलं, काय फसलं, पुढच्या चित्रात काय करून बघायचं. मगच फोटो काढायचा. आणि पोस्ट करायचं की नाही हे त्यानंतर ठरवायचं. क्रम महत्त्वाचा आहे. आपलं मत आधी शाईने कागदावर उतरलं की मग बाराशे लोकांना आवडलं काय किंवा बारा जणांना आवडलं काय, त्या तीन ओळी बदलत नाहीत. त्या खोडायच्या नाहीत, हाही नियमच.

बालवाडीतल्या त्या प्रयोगाकडे परत पाहा. आमिष काम करतं ते आधी दिसत असल्यामुळे. तीन आठवड्यांनंतर पोस्ट होईल, कदाचित होणारच नाही, इतकं अनिश्चित भविष्य ब्रश धरलेल्या हाताला ओढू शकत नाही.

याला जोडूनच, एक वही कधीही न दाखवण्यासाठी ठेवा. पहिल्या पानावर तसं लिहूनच टाका. माझ्या त्या वहीत वाईट चित्रं आहेत, अर्धी सोडलेली आहेत, एकाच हाताची चाळीस रेखाटनं आहेत. गेल्या दोन वर्षांत माझ्या कामात जे जे नवं आलं ते आधी तिथे उमटलं. लोक आपल्याला ज्या शैलीसाठी ओळखतात तिच्या बाहेर पडायचं असेल तर आधी कुणीच बघत नाही अशी जागा लागते.

पायरी 6: पोस्ट करण्याचा दिवस

महिन्यातला एक दिवस दाखवण्याच्या कामाला द्या. तीन आठवडे थंड होऊन निघालेल्या चित्रांचे फोटो एकत्र काढा, दिवसाच्या सारख्या उजेडात, थेट ऊन टाळून. लांब बाजू बाराशे ते पंधराशे पिक्सेल ठेवली तरी पडद्यावर चित्र स्वच्छ दिसतं. छापण्यायोग्य मोठी फाइल नेटवर कधीच टाकू नका. मजकूर लिहा, आणि महिनाभराच्या पोस्ट शेड्यूल करा. इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल अकाउंटला 75 दिवसांपर्यंत पुढच्या पोस्ट लावून ठेवता येतात.

पोस्ट पडल्यावर पहिल्या तासात सगळ्यांना उत्तरं द्या म्हणजे पोस्ट जास्त लोकांपर्यंत जाते, असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो मानत नाही. तसं करून चार लोक वाढतीलही, पण त्या तासापायी पुढची अख्खी सकाळ विस्कटते. माझ्या पोस्ट मी कामात असताना आपोआप पडतात आणि मला ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं.

रीलचा प्रश्न जरा वेगळा. कागदाच्या वर कॅमेरा टांगून चित्र काढायचं तर बोर्ड सपाट ठेवावा लागतो, मान कॅमेऱ्याच्या मध्ये येऊ द्यायची नसते, आणि लांब जाऊन चित्र बघण्याची सवय मोडते. चित्रीकरणाने चित्रच बदलतं. त्यामुळे रील करायचीच असेल तर तिच्यासाठी वेगळा छोटा अभ्यास काढा आणि तो कॅमेऱ्यासाठीच आहे हे मनाशी पक्कं ठेवा. खऱ्या चित्राजवळ कॅमेरा आणू नका.

पायरी 7: लोकांशी बोलण्याच्या मर्यादा

रात्री साडेअकराला मेसेज येतो, ‘मॅम, माझ्या बहिणीचं पोर्ट्रेट परवापर्यंत होईल का?’ आपण लगेच उत्तर दिलं की आपण रात्री साडेअकराला उपलब्ध असतो हे समोरच्याला आपणच शिकवतो. लोक वाईट नसतात, त्यांना आपली वेळ माहीत नसते, आणि ती सांगण्याची जबाबदारी आपली आहे. म्हणून प्रोफाइलवर ठळक लिहा: ‘कामाची चौकशी फक्त ईमेलवर. उत्तर तीन दिवसांत.’

नेहमी लागणारी उत्तरं आधीच लिहून ठेवा. संकोचाच्या क्षणी शब्द शोधत बसलो की आपण हो म्हणून जातो. माझी काही तयार उत्तरं देते, हवी तशी बदलून घ्या.

चौकशीसाठी: ‘नमस्कार, विचारल्याबद्दल आभार. कामाचं बोलणं मी ईमेलवरच करते, म्हणजे काही निसटत नाही. आकार, विषय आणि कधीपर्यंत हवं ते तिथे कळवाल का?’

फुकट कामासाठी: ‘तुमच्या उपक्रमात माझी आठवण काढलीत याचा आनंद आहे. विनामोबदला काम मी सध्या घेत नाही. मानधनाची सोय झाली तर जरूर कळवा.’

‘तुमचं नाव सगळीकडे पोचेल’ असं म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर द्या, वेगळं स्पष्टीकरण देऊ नका. स्पष्टीकरण दिलं की वाटाघाट सुरू होते.

‘हा रंग कोणता, कागद कुठला’ असे शिकणाऱ्यांचे प्रश्न मला मनापासून आवडतात, पण तेच प्रश्न रोज वीस जण विचारतात. अशा प्रश्नांची एक सविस्तर पोस्ट करून ती प्रोफाइलच्या वरच लावून ठेवा आणि तिकडे बोट दाखवा.

टीकेबद्दल सांगायचं तर, ज्यांचं मत तुमच्या कामाला वळण देऊ शकतं अशा तीन-चार माणसांची नावं कागदावर लिहा. तुमचे शिक्षक असतील, एखादा सहकलाकार असेल, वर्षानुवर्षं तुमचं काम पाहणारं कुणी असेल. चित्राबद्दल शंका आली की त्यांना विचारा, शक्यतो समोर चित्र ठेवून. बाकीच्यांचं वाचा, आभार माना, पुढे जा. शिवीगाळ करणाऱ्याला उत्तर न देता ब्लॉक करा. ओळखीचा असल्यामुळे ब्लॉक करणं अवघड असेल तर इन्स्टाग्रामवर 2019 पासून असलेली ‘रिस्ट्रिक्ट’ची सोय वापरा. त्याची प्रतिक्रिया त्याची त्यालाच दिसते आणि त्याला ते कळतही नाही.

चित्र चोरीला गेलं तर रागाच्या भरात पोस्ट लिहू नका. आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, मग प्लॅटफॉर्मच्या कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. जाहीर भांडणात आठवडा जातो आणि हाती काही लागत नाही.

आणि सहकलाकार? एकमेकांच्या पोस्टवर हजेरी लावण्याचं एक न बोललेलं बंधन असतं. जवळच्या चार-पाच जणांना सरळ सांगा की तू टाकलेलं मला लगेच दिसणार नाही, पण महिन्यातून एकदा मी तुझं काम नीट पाहीन आणि फोन करीन. मी हे सांगितलं तेव्हा दोघींनी सुटकेचा श्वास टाकला. त्याही हजेरी लावून थकल्या होत्या.

पायरी 8: स्वतःची जागा

जिथे आपण वर्षानुवर्षं काम मांडतो ती जागा आपली नसते. व्हाइन या छोट्या व्हिडिओंच्या ॲपने 2016 मध्ये बंद होण्याची घोषणा केली आणि काही महिन्यांत तिथे नवं टाकणं थांबलं. मायस्पेस या जुन्या सोशल साइटने 2019 मध्ये मान्य केलं की सर्व्हर बदलताना 2016 च्या आधी चढवलेलं संगीत हरवलं. कित्येक कलाकारांकडे त्याची दुसरी प्रत नव्हती. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले.

तेव्हा दोन गोष्टी करा. साधी का होईना, स्वतःच्या नावाची वेबसाइट: वीसेक चित्रं, दोन परिच्छेद आणि ईमेल. दुसरं, ज्यांना तुमचं काम खरंच हवं आहे त्यांच्या ईमेल पत्त्यांची यादी, अर्थात त्यांच्या संमतीने. माझ्या यादीत तीनशेही लोक नाहीत. दोन महिन्यांतून एकदा मी त्यांना पत्र लिहिते, त्यात एका चित्राची हकीकत असते. उत्तरादाखल जी पत्रं येतात ती मी प्रिंट काढून ठेवते. या पत्रांना आकडा नसतो, त्यामुळे ती मोजावीशी वाटत नाहीत, वाचावीशी वाटतात.

‘पण माझं पोट त्यावर आहे’

हे वाक्य मीही म्हणत होते, आणि ज्यांचं पोट खरंच त्यावर आहे त्यांना मर्यादा घालणं जास्त अवघड जातं हे मला मान्य आहे. पण ते तपासून पाहा. गेल्या वर्षभरातली प्रत्येक विक्री आणि प्रत्येक काम एका कागदावर लिहा. समोर लिहा, हे माणूस माझ्यापर्यंत नेमकं कसं पोचलं. माझ्या कागदावर निम्म्याहून अधिक नावं जुन्या ग्राहकांनी पाठवलेल्या लोकांची निघाली. सोशल मीडियावरून आलेल्यांनीही बहुतेक वेळा जुनी चित्रं बघून विचारलं होतं. रोजच्या स्टोरीतून एकही काम आलेलं नव्हतं. स्टोरी मी त्याच दिवशी सोडल्या.

तुमचा कागद वेगळं सांगेल तर त्याचं ऐका. रीलवरूनच काम येत असेल तर रील ठेवा, बाकीचं सोडा. प्रदर्शनाच्या किंवा नव्या कामाच्या आठवड्यांत मर्यादा सैल करा, पण सैल करण्याच्या आधीच परत आवळण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. तारीख नसलेली सवलत वर्षभर चालते.

नियम मोडला की

मोडणारच. एखाद्या रात्री तीन तास जातील. दुसऱ्या दिवशी चिडून अकाउंट डिलीट करू नका, आठवड्याने ते परत उघडलं की अपराधीपणा दुप्पट होतो. वही काढा आणि कोणतं कुंपण पडलं होतं ते शोधा. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा फोन खोलीत आलेला असतो, आणि तोही संदर्भाचा फोटो प्रिंट करायचा राहिला म्हणून.

मात्र काही आठवडे झोप उडालेली असेल, पोस्टला प्रतिसाद आला नाही की दिवसभर उठावंसं वाटत नसेल, ब्रश हातात घ्यायचीच भीती बसली असेल, तर हा सेटिंग्जचा विषय राहिलेला नाही. समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला, आणि तोवर घरातल्या किंवा विश्वासातल्या कुणाला तरी पासवर्ड बदलून ठेवायला सांगा.

तीन महिन्यांनी

सगळ्या पायऱ्या एकदम सुरू करू नका. पहिल्या महिन्यात नोंद, फोनची जागा आणि सेटिंग्ज. दुसऱ्यात मोकळा काळ आणि न दाखवायची वही. तिसऱ्यात तयार उत्तरं आणि ईमेलची यादी. मग पुन्हा एक आठवडा पहिल्यासारखी नोंद करा आणि दोन्ही आठवडे शेजारी ठेवून वाचा. ज्या मर्यादेमुळे काहीच बदललं नाही ती काढून टाका, ती पाळण्यातही ताकद जाते. मी असं करून उत्तरं देण्याचे दोन वार एकावर आणले, आणि छोट्या रेखाटनांसाठी तीन आठवड्यांची वाट एका आठवड्यावर. मोठ्या चित्रांचे तीन आठवडे तसेच ठेवले आहेत. आत्ता भिंतीकडे तोंड करून दोन चित्रं उभी आहेत. त्यातल्या एकात दार आहे.